बॉयलरच्या मागची वाट

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली माझी बदली हिंगोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. दवाखाना जुन्या छावणीच्या अंगाला होता. फौज कधीच निघून गेली होती. मागे रुंद सरळ रस्ते, पडके दगडी बंगले आणि गवतात बुडालेली इंग्रजी थडगी तेवढी उरली होती. दवाखान्यासमोर एक जुना कडुनिंब, त्याच्याखाली जनावर आवळून उभं करायचा लाकडी खोडा, शेजारी पाण्याचा दगडी हौद आणि मागे उंच जोत्याची पडवी. निजामाच्या मुलखात जनावरांच्या डॉक्टरला सलोत्री म्हणायचा रिवाज, म्हणून लोक मला सलोत्रीसाब म्हणत. सकाळी घटसर्प, फऱ्या, खुरकूत. दुपारी फिनेलचा वास आणि शांतता.

कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यावर एक म्हातारा इंग्रज इंजिनिअर होता. तरुणपणी तो जहाजं बांधायच्या गोदीत होता. त्याच्या घोडीला पोटशूळ उठला तेव्हा मी तिच्यापाशी बसून होतो आणि ती वाचली. पुढे त्याची मद्रासकडे बदली झाली. जाताना तो दवाखान्यात आला आणि निळ्या कापडी बांधणीचं एक अवजड पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "तुला वाचायचा नाद आहे. हे वाच. मध्येच दमलास तर लाजू नकोस. मीही दमलो होतो."

पुस्तक इंग्रजांच्या लढाऊ जहाजांचा इतिहास होतं. पण आपण ज्याला इतिहास म्हणतो त्यातलं त्यात काही नव्हतं. राजे नव्हते, पराक्रम नव्हते, कुणाचा जयजयकार नव्हता. कोणत्या जहाजाला किती जाडीचं चिलखत, ते कुठून कुठवर, पुढच्या जहाजात ते पातळ का केलं, आणि पातळ करून वाचलेलं वजन कुठे खर्ची घातलं. बॉयलर कोणत्या जातीचे, त्यांच्या नळ्या कुठे गळायच्या. जहाज एका कुशीवर कलंडलं की सरळ व्हायला किती वेळ घ्यायचं. पानापानांवर आकडे, तळटीपा, आणि उलगडले की टेबलाबाहेर लोंबणारे जहाजांचे नकाशे.

सुरुवातीला मी खरंच कंटाळलो. मग हळूहळू तो लिहिणारा मला कळू लागला. तो विशेषण वापरत नसे. एखादं जहाज वाईट होतं असं तो कधी म्हणत नसे. "खवळलेल्या समुद्रात पुढच्या तोफेपाशी माणसं उभी राहू शकत नसत," एवढं लिहून तो पुढे जाई. आणि ती भिजलेली, दोरीला धरून उभी राहू पाहणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर राहत. जहाजाचा सांगाडा तो असा उलगडून दाखवी, की मला कॉलेजातली शरीररचनेची तालीम आठवे: ही बरगडी, हा कणा, हे काळीज, आणि काळजाकडे जाणारी ही वाट. एखाद्या बैलाबद्दल मला आयुष्यात कधी इतकं खरं लिहिता येईल का, असं माझ्या मनात येई. मुंबईला शिकत असताना मी बंदरातली जहाजं लांबून पाहिली होती. आता समुद्रापासून इतक्या दूर, कयाधू नदीच्या कोरड्या पात्राजवळ बसून, मी ती पहिल्यांदा नीट पाहत होतो.

अनुसयाबाई दवाखान्यात आल्या त्या खांदा सुजलेला बैल घेऊन. कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावर त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. विधवा बाई, उंच, ताठ, हातभर हस्तिदंती चुडे घालायच्या वयातही हात मोकळे. मी बैलाला मलम लावून हात धुवून आलो, तेव्हा त्या टेबलावर पसरलेल्या नकाशाकडे वाकून बघत होत्या.

"हे कशाचं हाडूक हाय, साब?"

"हाडूक नाही. जहाज आहे. लढाईचं."

त्यांनी नकाशाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माझं पोरगं असल्यात हाय."

त्यांचा मुलगा किसनसिंग. कामाला म्हणून मुंबईच्या गिरणीत गेला आणि तिथून आरमारात भरती झाला. बॉयलर पेटता ठेवायचं त्याचं काम. लढाई लागायच्या आधी एकदाच सुट्टीवर आला होता, तेव्हा त्यानं आईला मातीत काडीनं जहाज काढून दाखवलं होतं. कोणतं जहाज, असं मी विचारलं. नाव त्यांना सांगता येईना. त्या पडवीतून खाली उतरल्या आणि कडुनिंबाखालच्या धुळीत बोटानं ते जहाज त्यांनी पुन्हा काढलं. एकच धुरांडं, मागे कललेलं. पुढे तोफ. मागे काठीसारखं काही. धुरांड्याच्या पायाशी एक चौकोन.

मी पुस्तक मांडीवर घेऊन नकाशे ताडून पाहू लागलो. मोठ्या जहाजांच्या गर्दीत, शेवटच्या भागात, व्यापारी जहाजांच्या सोबतीला जाणाऱ्या लहान लढाऊ जहाजांवर एक प्रकरण होतं. तिथे ते सापडलं. धुळीतल्या चित्रात आणि छापील नकाशात फरक जवळजवळ नव्हताच.

"मंग वाचा," त्या म्हणाल्या.

"हे इंग्रजीत आहे, बाई. आणि फार किचकट आहे."

"किचकट आसू द्या. लेकरू ज्या घरात राहून राहिलं, त्ये घर मला म्हाईत नगं का?"

त्या दिवसापासून दर बाजाराला, गाडी सोडून, बैलांना वैरण टाकून अनुसयाबाई पडवीत येत. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगे. माझा ड्रेसर संतराम पहिल्यांदा हसायचा, मग औषधं खलत ऐकू लागला.

त्यांना काही सोपं करून सांगावं लागत नसे. फक्त नीट सांगावं लागे. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर धान्य घालून कोकणात उतरायचा आणि मीठ भरून वर यायचा. जहाज त्यांनी त्या हिशेबानं समजून घेतलं. कप्तान म्हणजे तांड्याचा नायक. तेलाच्या टाक्या म्हणजे वैरण. पाण्याचा मुक्काम कुठे, ओझं कोणत्या बाजूला जास्त, चढावर कोण दमतं, हे सगळे प्रश्न त्या विचारत, आणि लेखकानं त्या सगळ्यांची उत्तरं कुठे ना कुठे दिलेली असत. एकदा त्या म्हणाल्या, "ह्यो लिव्हणारा मानूस गुणाचा हाय, साब. त्याला समद्याची काळजी हाय, पर बोलून दाखवत न्हाई." इतकी वर्षं झाली, त्या पुस्तकावर याहून चांगला अभिप्राय मी ऐकलेला नाही.

हिवाळ्यात मी बॉयलरच्या खोलीचा भाग काढला. लेखकानं ती खोली फार बारकाईनं वर्णिली होती. आग जोरात पेटावी म्हणून तिथे पंख्यानं हवा कोंडलेली असते. आत जायला एकामागं एक दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. पोलादी जाळीची जमीन. उष्णता अशी, की लोखंडी कठड्याला उघडा हात लावता येत नाही. वाचता वाचता मी वर पाहिलं. पौषातली थंडी होती, संतरामनं अंगावर घोंगडी घेतली होती. अनुसयाबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. काचोळीच्या बाह्या भिजल्या होत्या.

"बरं वाटत नाही का?"

"गरम व्हतंय लई," त्या साधेपणानं म्हणाल्या. "तकलीफ न्हाई. तुमी वाचा."

हिवतापाचा मोसम होता. मी त्यांना कुनैनच्या गोळ्या देऊन पाठवलं.

नंतरच्या एका बाजारी संतरामनं मला हळूच हौदापाशी नेलं. मी जहाजाच्या कलण्याबद्दल वाचून नुकताच थांबलो होतो. वारा नव्हता. हौदातलं पाणी संथपणे एका काठाकडे चढत होतं, थोडं थांबत होतं, मग दुसऱ्या काठाकडे येत होतं. झोपलेल्या जनावराचं पोट हलतं तसं.

"जिनिंगच्या इंजिनाचा हादरा आसंल," संतराम म्हणाला.

"असेल," मी म्हणालो. जिनिंगचा हंगाम संपला होता. कारखान्याचं धुरांडं झाडांवरून दिसत होतं आणि त्यातून धूर निघत नव्हता. आम्ही दोघांनीही ते पाहिलं आणि आपापल्या कामाला लागलो.

मी शास्त्र शिकलेला माणूस. जनावराच्या पोटात वात धरतो तेव्हा मालक अंगाऱ्याच्या गोष्टी सांगतो आणि मी नळी घालतो. हाच माझा धर्म. त्यामुळे वाचन मी थांबवलं नाही. थांबवायला कारण काय सांगणार होतो?

बॉयलरच्या खोलीवरच्या त्या भागात एक मजकूर होता, तो अनुसयाबाई पुन्हा पुन्हा वाचायला लावत. या जातीच्या आधीच्या एका जहाजावर अपघात झाला होता. नेहमीच्या शिड्या बंद झाल्यामुळे आतली माणसं आतच राहिली. त्यानंतर बॉयलरच्या मागून एक अरुंद, उभी नळी वरच्या डेकपर्यंत काढण्यात आली. माणसानं जीव घेऊन निघायची वाट. लेखकानं ती वाट अशी लिहिली होती, की आंधळ्यानं ऐकून जावं. अनुसयाबाई तिला नुसतं "वाट" म्हणत.

"साब, निघायच्या आधी वाट वाचा."

मी वाचे. झडप, खिट्ट्या, पायऱ्या, आडवा पाइप, वरचं जड झाकण. ते झाकण खांद्यानं उचलायचं, या वाक्यावर पान संपे. तिथं आलं की त्या समाधानानं मान हलवत. "बस. आला वर." आणि उठून गाडी जुंपायला जात. मी पुस्तक मिटून ठेवी.

त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता. चैत्र संपत आला होता. बाजाराचा दिवस नव्हता, दवाखाना रिकामा होता. खोड्यात एक गाय बांधलेली होती आणि संतराम तिच्या कासेला शेक देत होता. दुपारच्या उन्हात रस्त्यावरून कुणीतरी चालत येताना दिसलं. जवळ आल्यावर ओळखलं. अनुसयाबाई होत्या. गाडी नाही, बैल नाही, सोबत कुणी नाही. नाक्याकडून पायी आल्या होत्या. पडवीत चढून त्या नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"साब, वाट वाचा."

"आधी पाणी तरी घ्या. बसा."

"वाचा!"

त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मी प्रथमच ऐकला. संतरामचा हात थांबला. मी पुस्तक घेतलं. पान आपोआप उघडलं, इतक्या वेळा ते उघडलं होतं.

"बॉयलरच्या मागच्या अंगाला," मी सुरू केलं, "पाण्याच्या टाकीला डावा हात लावून..."

"हळू," त्या म्हणाल्या. "दिवे गेलेत."

त्या भिंतीकडे वळल्या होत्या. त्यांचा हात दगडावरून सरकत होता, आंधळ्याचा सरकतो तसा.

"टाकीला डावा हात लावून पुढे जावं."

"टाकी तापलीय. पुढं."

"कमरेच्या उंचीवर एक चौकोनी झडप आहे."

"कमरंवर न्हाई." त्यांचा श्वास जोरात चालू होता. "जहाज आडवं झालंय. पायापाशी हाय." त्या खाली बसल्या आणि भिंतीच्या पायथ्याशी चाचपू लागल्या. "हाय. घावली. पुढं."

"झडपेला चार खिट्ट्या. उजवीकडून डावीकडे फिरवाव्यात."

त्यांची मूठ वळली. एकदा. पुन्हा. पुन्हा. मग थांबली.

"एक अडकलीय."

मी ओळींवरून बोट फिरवलं. पुस्तकात अडकलेल्या खिट्टीबद्दल काही नव्हतं.

खोड्यातली गाय हंबरली. तिनं चारही पाय फाकवून रोवले होते, खालची जमीन कलली असावी तसे. हौदातलं पाणी एका काठावर चढलं आणि तिथेच राहिलं. मग काठावरून खाली सांडू लागलं.

"सुटली," अनुसयाबाई म्हणाल्या. "वाचा, वाचा!"

"झडप आत ढकलावी. ओढू नये."

"व्हय."

"आत उभी नळी. भिंतीत लोखंडी पायऱ्या."

"व्हय."

"मध्यावर वाफेचा पाइप आडवा जातो. तिथे पाठ पलीकडच्या भिंतीला टेकवून अंग वर ओढावं."

त्यांची पाठ पडवीच्या खांबाला लागली. त्या इंच इंच उभ्या राहत होत्या. डोळे मिटलेले. पडवीत जळक्या तेलाचा वास आला, आणि त्याखाली दुसरा एक खारा वास, जो मी मुंबई सोडल्यापासून घेतला नव्हता.

"वर जड झाकण आहे," मी वाचलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "ते खांद्यानं उचलावं."

त्यांनी खांदा वर रेटला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मग सगळं अंग एकदम सैल पडलं आणि त्या खाली बसल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "आला वर."

माझं बोट पानाच्या कोपऱ्यावर होतं. मी ते काढलं आणि पुस्तक मिटलं.

हौद शांत झाला होता. त्याच्या एका बाजूची माती ओली होती, दुसरी कोरडी. अनुसयाबाईंनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. कातडी भाजून फोड आले होते. भिंत सावलीतली होती. मी तिला हात लावून पाहिला. दगड गार होता. मी जखमांना मलम लावून पट्ट्या बांधल्या. संतरामनं शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि तो स्वतः त्यांना तांड्यावर सोडून आला.

पावसाळ्यात तालुक्याच्या कचेरीत खबर आली. जहाज बुडालं होतं. कुठे, ते कळवलं नव्हतं. किसनसिंग जिवंत होता, भाजला होता, लष्करी दवाखान्यात होता. अनुसयाबाई आमच्या दवाखान्यात गूळ घेऊन आल्या. संतरामला दिला, मला दिला, खोड्यातल्या बैलालाही खाऊ घातला. वाट वाचायला त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. बाजाराला आल्या की पडवीत टेकायच्या, बैलांचं बोलायच्या. मी पुस्तकाचा उरलेला भाग एकटाच वाचून काढला. शेवटच्या पानापर्यंत त्या लेखकाचा हात ढळला नव्हता. बांधणारानं काय योजलं आणि समुद्रानं त्याचं काय केलं, हे तो सारख्याच शांतपणे सांगत गेला होता.

लढाई संपल्यावर किसनसिंग घरी आला. आईच्या सोबत तो दवाखान्यात आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी खोड्यापाशी होतो, एक मारका बैल सोडवत होतो. "दावं सैल सोडा," मी संतरामला ओरडून सांगत होतो, "डावीकडून, हळू, ओढू नका."

फाटकातून आत येणारा तरुण जागीच थबकला. त्यानं फाटकाचा खांब धरला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मानेपासून कानापर्यंत भाजल्याचे गुळगुळीत डाग होते, ते तेवढे तांबडे दिसत होते.

"साब," तो म्हणाला, "परत बोला."

"काय बोलू?"

"काई बी बोला."

"तुम्ही किसनसिंग ना? या, वर बसा."

तो आला नाही. आईकडे वळून आपल्या बोलीत काहीतरी म्हणाला. अनुसयाबाईंनी मान हलवली. मग तो पडवीत आला आणि बाकावर बसला. संतराम पाणी घेऊन आला, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"सुरुंग लागला," तो म्हणाला. "दिवे गेले. शिडीकडचं दार वाकलं हुतं. बाकीचे समदे... बाकीचे न्हाई ऱ्हायले. मी आन् एक मलबारी, आमी दोघंच. वाफ भरून राहिली हुती. मी खाली बसलो. म्हनलं, आता झालं."

"मग?"

"मंग तुमचा आवाज आला."

संतराम दाराशी उभा होता. तो हळूच खाली बसला.

"वरून न्हाई, बाजूनं न्हाई. पुढ्यात बसून कुनी पोथी वाचावी तसा. टाकीला डावा हात लावा. मी मलबाऱ्याला म्हनलं, ऐकलं का? त्यो म्हनला, ऐकलं. साब, त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्याला त्याच्या बोलीत ऐकू येऊन राहिलं हुतं."

तो थांबला. मी घाई केली नाही. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितलेली नसणार, हे दिसत होतं.

"मी म्होरं, त्यो मागं. त्याचा हात माझ्या पायाला लागत हुता, एवढा जवळ. झाकण मी खांद्यानं उचललं. भाईर पडलो. आन् आवाज थांबला."

"बरं."

"झाकण पडलं, साब. धाडकन. मी उलटा फिरलो, त्ये उचलाया. तेवढ्यात लाट आली. मी पालथा पडलो, कठडा धरला. त्यो खालून ठोकत हुता. मंग ठोकनं थांबलं." त्यानं हातातलं पाणी न पिता बाकावर ठेवलं. "मला वाटलं, गेला. पर त्यो बोलला. रागानं न्हाई, घाबरून न्हाई. साधं इचारलं त्यानं. पुढं काय म्हनतोय त्यो?"

कडुनिंबावर कावळे होते. रस्त्यानं एक गाडी गेली.

"दुसरी लाट आली, ती मला घिऊन गेली."

मी उठलो, आत जाऊन पुस्तक आणलं. ते पान उघडलं आणि उलटलं. पुढचं वाक्य मी इंग्रजीत अनेकदा वाचलेलं होतं. मराठीत कधी केलं नव्हतं; त्याच्या आधीच अनुसयाबाईंचा मुलगा वर आलेला असे. झाकण आपल्या वजनानं पडतं, असं तिथे लिहिलं होतं. पहिल्या माणसानं बाहेर पडताच ते उजव्या हाताला असलेल्या आकड्यात अडकवावं. जहाज कलंडलेलं असेल तर पडलेलं झाकण खालून एकट्याला नुसत्या जोरानं उचलवत नाही; अशा वेळी झाकणाच्या बिजागरीजवळचा लहान दांडा आधी खाली ओढावा, म्हणजे ते सुटतं.

इथेही त्या लेखकानं विशेषण वापरलं नव्हतं. दुसऱ्या माणसाचाही त्यानं विचार केला होता.

मी ते मनात वाचत होतो. अनुसयाबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"हाय ना पुढं लिव्हलेलं?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"वाचा मंग."

"याडी," किसनसिंग आईला म्हणाला, "आता काहून? किती वरसं झाली."

"त्यानं इचारलंय," त्या म्हणाल्या. "मी त्या दिशी माझ्या लेकराचं झालं म्हनून उठले. त्याची बी याडी कुटं तरी आसंल. इचारल्याला जबाब द्यावा का न्हाई?"

किसनसिंगनं मान खाली घातली. मग, न बघता, माझ्याकडे हात केला. वाचा.

मी जाणत्या वयाचा, शिकलेला माणूस होतो. कुणासाठी वाचतो आहे, हे मला कुणी विचारलं असतं तर मी काहीच सांगू शकलो नसतो. तरी मी नेहमीपेक्षा सावकाश वाचलं. प्रत्येक शब्द नीट उच्चारला. दांडा बिजागरीजवळ आहे, हे मी दोनदा सांगितलं. तो आधी खाली ओढावा. म्हणजे झाकण सुटतं.

शेवटचा शब्द झाला आणि मी थांबलो.

कडुनिंबाखालचे बैल रवंथ करायचे थांबले होते. सगळ्यांची तोंडं पडवीकडे होती.

पायरीवर काहीतरी वाजलं असं मला वाटलं. मी पाहिलं. पायरीवर ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

किसनसिंग बाकावर सरकला. एका माणसाला टेकता येईल एवढी जागा त्यानं आपल्या शेजारी मोकळी केली आणि पाण्याचा तांब्या त्या जागेसमोर ठेवला.

आणि अनुसयाबाईंनी, इतकी वर्षं माझ्यासमोर उघड्या तोंडानं बसलेल्या त्या बाईंनी, दोन्ही हातांनी ओढणी धरून कपाळावरून खाली ओढून घेतली; परका पुरुष उंबरा ओलांडून आत आला की बाया ओढतात तशी.